सावलीचा सातबारा

आमच्या समाधान अपार्टमेंटमध्ये फ्लॅट अकरा, गाड्या दहा, सायकल एक आणि सावली एक. ही सावली आवारातल्या कडुनिंबाची. तिच्यात बरोबर एक गाडी मावते, आणि अमरावतीच्या एप्रिल-मे महिन्यात त्या एका जागेसाठी सुशिक्षित माणसं काय काय करतात ते मी सोसायटीचा सचिव या नात्यानं डोळ्यांनी पाहिलं आहे. जागा जाईल म्हणून स्वतःची गाडी तिथंच ठेवून ऑटोनं लग्नाला जाणारे पाहिले आहेत. खरं सांगायचं तर तो मीच होतो. पण उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग दुपारी दुपट्टा गुंडाळून धरावं लागतं, आणि आमच्या सौभाग्यवती चंदा एकदा सीटवर बसून ज्या वेगानं बाहेर आल्या तो वेग मी लग्नाच्या वीस वर्षांत पाहिला नव्हता.

शेवटी सभा घेतली. विषय एकच: दर आठवड्याला सावली कुणाला द्यायची हे निःपक्षपातीपणे ठरवणे. दोन नंबरचे चंद्रभानजी निवृत्त तलाठी आहेत, त्यामुळे कोणत्याही विषयावर पहिलं मत त्यांचं असतं.

"सोपं हाय," ते म्हणाले. "निवडणुकीत मतं सारखी पडली तं सरकार काय करते? ईश्वरचिठ्ठी काढते. आपणही काढू."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी इतिवृत्तात 'ईश्व' एवढंच लिहिलं होतं, तेवढ्यात सात नंबरचे धर्मपाल तायडे उभे राहिले. तायडेकाका बडनेऱ्याला रेल्वेत केबिनमध्ये होते. गाडी कोणत्या रुळावर जाणार ते तिथला खटका ओढून ठरतं, आणि हा खटका त्यांनी छत्तीस वर्षं ओढला. सरळ माणूस. अकरा फ्लॅटमधली एकमेव सायकल त्यांची.

"चिठ्ठीले माझा विरोध नाई," ते म्हणाले. "ईश्वराले हाय. आमी बौद्ध लोक. जो शब्द मी मानत नाई त्याच्या खाली माझं नाव कायले?"

"अहो, नुसता सरकारी शब्द हाय तो," चंद्रभानजी म्हणाले.

"सरकारनं लिहिलं म्हणून तो स्वतः येऊन चिठ्ठी काढते काय?"

मला त्यांचं म्हणणं पटलं. मी 'ईश्व' खोडलं आणि 'नुसती चिठ्ठी' असं सुचवलं. त्यावर अकरा नंबरच्या मैनाबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "नुसती चिठ्ठी म्हणजे कोनाची? ईश्वराची नसन तं मंग सचिवाचीच झाली ना," त्या म्हणाल्या, आणि सभेतल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बारा वर्षं बिनपगारी सचिवपद सांभाळल्याचं हे फळ. मला तेव्हाच राजीनामा द्यायला हवा होता. त्याऐवजी मला कल्पना सुचली.

त्याचं असं झालं की त्या आठवड्यात मी आमच्या प्रणालीला संभाव्यता शिकवत होतो. प्रणाली दहावीत गेली, आणि गणिताची शिकवणी लावायची नाही, मी घरीच शिकवीन, असा माझा हट्ट. मी सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर आहे. रोज आकडेच लिहितो, फक्त ते पत्रांचे असतात. तर फाशाला बाजू सहा. प्रत्येक बाजू पडण्याची शक्यता सारखी. म्हणून कोणताही एक आकडा पडण्याची संभाव्यता सहात एक. सम आकडा हवा असेल तर दोन, चार, सहा असे तीन, म्हणजे सहात तीन, म्हणजे अर्धी. इतकं स्वच्छ, इतकं निःपक्षपाती मी सरकारी नोकरीत काहीच पाहिलं नव्हतं. फाशाला ओळख लागत नाही, वशिला लागत नाही आणि तो ईश्वराचाही नसतो.

"फासे टाकू," मी म्हणालो.

आता एका फाशात आकडे सहा आणि फ्लॅट अकरा. पण आमच्या इमारतीत एक नंबरमध्ये पाण्याची मोटर राहते, माणसं राहतात ती दोनपासून बारापर्यंत. आणि दोन फासे टाकले तर बेरीज किती येते? कमीत कमी दोन, जास्तीत जास्त बारा. अकरा बेरजा, अकरा फ्लॅट. बेरीज येईल त्या नंबरच्या फ्लॅटला आठवडाभर सावली. हे जुळून आलेलं पाहून माझ्या अंगावर काटा आला. मी बारा नंबरमध्ये राहतो. बारा हा सगळ्यांत मोठा आकडा, हेही मनात कुठंतरी सुखावून गेलं.

घरी येऊन मी नोटीस लिहायला बसलो तेव्हा प्रणाली मागून वाचत होती. "बाबा, पण दोन फाशाईची बेरीज असन तं..." तिनं सुरुवात केली.

"तू आधी एका फाशाची उदाहरणं सोडव," मी म्हणालो. "दोन फाशांवर आपण पुढच्या आठवड्यात जाऊ."

नोटीस अशी होती: 'सदनिका अकरा, बेरजा अकरा, सबब प्रत्येक सदनिकेस समान संधी. मिळालेली सावली अहस्तांतरणीय राहील.' खाली माझी सही आणि गोल शिक्का. इतवारा बाजारातून लिंबाएवढे दोन लाकडी फासे आणले, एक लाल आणि एक पांढरा. मैनाबाईंनी स्टीलचा डबा दिला. एप्रिलच्या पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर मी डबा हलवला आणि उपडा केला. चार आणि तीन. सात.

टाळ्या पडल्या. तायडेकाकांनी शांतपणे जाऊन सायकल आणली, कडुनिंबाखाली मधोमध स्टँडवर लावली आणि कुलूप घातलं. दहा मोटारी उन्हात उभ्या आणि सावलीत सायकल. पण नियम म्हणजे नियम. तायडेकाका स्वतःच म्हणाले की माझ्या सायकलले सावलीचं काय काम, कोणालेही देऊन टाका. मला नाइलाजानं त्यांना नोटिशीतला 'अहस्तांतरणीय' हा शब्द दाखवावा लागला. मग त्यांच्या पत्नी केशरकाकूंनी सायकलीशेजारी पाण्याचा माठ ठेवला, म्हणजे जागा वाया गेल्यासारखं वाटू नये.

दुसऱ्या रविवारी सहा. तिसऱ्या रविवारी सात. चौथ्याला आठ, पाचव्याला सात. सहाव्या रविवारी पुन्हा सात आला तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. सहा, सात आणि आठ हे तिन्ही फ्लॅट पहिल्या मजल्यावर एका रांगेत आहेत, हे तोवर सर्वांच्या लक्षात आलं होतं. मैनाबाईंच्या मते त्या मजल्याची दिशा चांगली. कुणी म्हणालं डबा बदला. डबा बदलला. कुणी म्हणालं सचिवाचा हात बदला. मी हात पुढे केला, पण त्यांना माणूस बदलायचा होता. पुढच्या खेपेला मैनाबाईंनी डबा हलवला. पुन्हा सहा.

चंद्रभानजींनी मला जिन्यात गाठलं. "गजूभाऊ, सात कोनाचा असते मालूम हाय ना? गाव नमुना सात म्हणजे मालकी. बारा म्हणजे पीकपाणी. तायड्यांचा सात झाला, तुमच्या बाराचा पेराच नाई. झाडाचा सातबारा त्यांच्या नावानं चढून राहिला अन् तुमी शिक्का घेऊन पाहून राहिले." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फासे तपासा."

फासे तपासायचे कुठं? चंदाचा भाऊ श्याम अकोल्याला राहतो आणि त्याची सर्व क्षेत्रांत ओळख आहे. मी शनिवारी फासे रुमालात बांधून अकोल्याला गेलो. अकोल्यात उन्हाचा विषय काढू नये हे मी विसरलो. अमरावतीत पंचेचाळीस झालं म्हणताच श्याम हसला आणि त्यानं अर्धा तास अकोल्याच्या सत्तेचाळीसची बाजू मांडली. मग तो मला ओळखीच्या सोनाराकडं घेऊन गेला. सोनारानं फासे काट्यावर तोलले, चारी अंगांनी घासले, भिंगाखाली धरले, आणि दोन्ही सारखे असल्याचं सांगितलं. "सोन्याचे मात्र नाईत," तो म्हणाला, "तेवढं तुमाले खात्रीनं सांगतो."

"फासे बेइमान नाईत, भाऊजी," श्याम परतताना म्हणाला. "तुमची बिल्डिंगच तशी हाय." घरी येईपर्यंत माझा दुपट्टा घामानं ओला झाला होता आणि चंदानं एवढंच विचारलं की आंबे आणले का.

आठव्या रविवारी आवारात पोलीस आला. निनावी अर्ज गेला होता की समाधान अपार्टमेंटमध्ये दर आठवड्याला फाशांचा अड्डा भरतो. अर्ज निनावी असला तरी त्यात 'मौजे', 'सदरहू' आणि 'चतुःसीमा' हे शब्द होते, त्यामुळे चंद्रभानजी त्या दिवशी फार लांब उभे होते.

"पैसे लावता काय?" हवालदारांनी विचारलं.

"नाही. सावली लावतो," मी म्हणालो.

त्यांनी वहीत लिहायला सुरुवात केली, थांबले, वर झाडाकडं पाहिलं. सावलीवरचा जुगार कोणत्या कलमात बसतो यावर त्यांनी बराच विचार केला. मग टोपी काढून घाम पुसला आणि आता आलोच आहे तर टाका, पाहून जातो, असं म्हणाले. मैनाबाईंनी डबा उपडा केला. पाच आणि दोन. सात. माझ्या बारा नंबरनं आठ आठवड्यांत एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. हवालदारांनी वही मिटली, तायडेकाकांना बाजूला घेतलं आणि आपल्या बदलीचं कधी जमेल ते विचारलं.

खरी गडबड तिथून वाढली. मैनाबाईंच्या मुलाच्या भरतीच्या परीक्षेचा निकाल लागायचा होता. त्यांनी त्याचा बैठक क्रमांक सात नंबरच्या दाराखालून आत सरकवला. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातले दोघे जण कामावर जाता जाता त्या दाराला हात लावून जाऊ लागले. अंजनगाव सुर्जीहून एक गृहस्थ संत्र्याचा बगीचा काढू की ठेवू हे विचारायला आले आणि केशरकाकूंनी दिलेलं पाणीसुद्धा त्यांनी ओंजळीत घेतलं. गुरुवारी सकाळी कुणीतरी दाराच्या चौकटीला कुंकवाची पाच बोटं लावून गेलं. तायडेकाका ओल्या फडक्यानं ती पुसत होते. मी वर जाताना पाहिलं, आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी प्रणालीनं माझ्यासमोर एक कागद ठेवला. माझ्याच नोटिशीची जादा प्रत, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला सहा ओळी आणि सहा रकाने. "बाबा, लाल फाशावर सहा आकडे येऊ शकतात. त्यातल्या प्रत्येकासोबत पांढऱ्यावर सहा. म्हणजे दोन फासे छत्तीस तऱ्हेनं पडतात, अन् ह्या छत्तीस तऱ्हा सारख्या हायत. बेरजा नाई सारख्या," ती म्हणाली. "बारा यायले दोन्हीवर सहाच लागते. एकच तऱ्हा. सात मात्र एक-सहा, दोन-पाच, तीन-चार, चार-तीन, पाच-दोन, सहा-एक. सहा तऱ्हा. काकाईले छत्तीसात सहा, आपल्याले छत्तीसात एक. सहा अन् आठ नंबरले पाच-पाच, म्हणून तो मजला जिंकून राहिला. मी पहिल्याच दिवशी सांगत होती."

मी कागद पाहिला. पुन्हा पाहिला. बोटांनी मोजलं. अकरा सदनिका, अकरा बेरजा, सबब समान संधी. खाली माझी सही आणि गोल शिक्का. मी कागदाची घडी केली, कपाटाच्या खणात घातली आणि प्रणालीला म्हणालो की उन्हाळा आता संपतच आला आहे. ती नुसती पाहत राहिली, आणि ते मला फार लागलं.

शनिवारी दुपारी तायडेकाका आमच्याकडं आले. बसा म्हटलं तरी उभे राहिले.

"गजूभाऊ, मी जन्मभर लोकाईले सांगत आलो की अंगारा नोको, ताईत नोको, कारण पाहा. केबिनमंदी खटका ओढला तं रूळ हलला, रूळ हलला तं गाडी वळली. कारणाबिगर काहीच होत नाई. अन् आता माझ्याच दाराले कुंकू लावून राहिले. केशरले भाजीवाल्यानं विचारलं, तुमच्याकडं कोनता देव हाय म्हणून." ते एक पाऊल पुढं आले. "तुमी गणितवाले. मले कारण सांगा. कारण भेटलं तं मी लोकाईले तोंड देतो. नाई भेटलं तं उद्याच्या सभेत सांगून टाकतो, अन् फ्लॅट भाड्यानं देऊन बडनेऱ्याले पोराकडं जातो."

कारण माझ्यापासून चार हातांवर खणात होतं. "योगायोग असेल, काका," मी म्हणालो. ते मान हलवून गेले. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज मला शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला. प्रणाली आतल्या दारात उभी होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की चंदानं चहा समोर ठेवला तो तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सभा कडुनिंबाखालीच भरली. सायकल थोडी बाजूला घेतली होती. मैनाबाईंच्या मुलाचा निकाल लागला होता, तो पास झाला होता, आणि त्या थेट तायडेकाकांसाठी नारळ घेऊन आल्या होत्या. तायडेकाका त्या नारळाकडं पाहत उठले आणि म्हणाले, "मले एक सांगायचं हाय." तेव्हा मी त्यांच्या आधी बोललो. धाडस वगैरे काही नव्हतं. त्यांचं वाक्य पूर्ण झालेलं ऐकवलं नसतं, एवढंच.

"माझी नोटीस चूक आहे," मी म्हणालो. "प्रणाली, सांग."

तिनं खडूनं फरशीवर छत्तीस चौकोन काढले आणि सांगितलं. आठवी पास असो की पदवीधर, सगळे वाकून मोजत होते. फक्त चंद्रभानजी अडले. "एक-सहा अन् सहा-एक गोष्ट एकच हाय. दोनदा काहून धरून राहिली?"

"आजोबा," प्रणाली म्हणाली, "चतुःसीमेत पूर्वेले नत्थुजी अन् पश्चिमेले सहदेव असन, अन् तुमी उलटं लिहिलं तं चालते काय?"

"डोके फुटतात," चंद्रभानजी लगेच म्हणाले.

"मंग लाल फासा पूर्वेचा अन् पांढरा पश्चिमेचा समजा."

चंद्रभानजींनी चौकोन पुन्हा मोजले, आपला दोन नंबर शोधला, तोही छत्तीसात एकच निघाला, आणि तलाठ्याची अशी फसवणूक आजवर कुणी केली नव्हती अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

तायडेकाका मात्र माझ्याजवळ आले. "तुमाले कधीपासून मालूम?"

"गुरुवारपासून."

"अन् काल चूप काहून बसले?"

"लाज वाटली, काका."

ते फरशीवरच्या छत्तीस चौकोनांकडं वळले. मग म्हणाले, "मलेही तेच वाटून राहिलं होतं महिनाभर." त्यांनी खिशातून जाड वही काढली आणि खाली बसले. "कागदावर बरोबर हाय. आता टाकून दाखवा. मी नोंदवतो."

छत्तीस वेळा फासे टाकले. सात दोनदा आला. बारा तीनदा आला. सभेत कुजबुज सुरू झाली. माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, क्षणभर आनंद झाला. मैनाबाई म्हणाल्या, "पाहा, गणितानं नाई येत सात. बोलावल्याशिवाय नाई येत."

"छत्तीसात सहा म्हणजे दर छत्तीसात मोजून सहा असं नसते," प्रणाली म्हणाली. "लय वेळा टाकलं की मंग तिकडं सरकते."

"लय म्हणजे किती?" तायडेकाकांनी विचारलं.

"दहापट टाकू."

तीनशेसाठ वेळा टाकले. आळीपाळीनं सगळ्यांनी टाकले. चंद्रभानजी आकडा पुकारायचे, तायडेकाका चार उभ्या रेघा आणि एक आडवी अशा जुड्या बांधायचे. केशरकाकूंचा माठ दोनदा रिकामा झाला. ऊन सरकलं तशी सगळी सभा सावलीबरोबर सरकत गेली आणि त्या एका गाडीच्या जागेत अकरा फ्लॅटची माणसं बसली. संध्याकाळी बेरीज झाली. सात एकसष्ट वेळा. सहा आणि आठ पन्नासच्या आसपास. बारा नऊ वेळा, दोन अकरा वेळा. तायडेकाकांनी प्रत्येक आकडा दोनदा तपासला आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. त्यांचे डोळे ओले झालेले मी पाहिले.

"मले कोणी पावलं नाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सचिवानं बेरीज चुकवली." असा अपमान मला इतका गोड कधी लागला नव्हता. मग प्रणालीनं सुचवलं की दोनपासून बारापर्यंत क्रमानं एकेक आठवडा द्यावा, फाशांची गरजच काय, आणि ते इतकं सोपं होतं की कुणालाच सुचलं नव्हतं. ते लगेच मंजूर झालं. बडनेऱ्याला जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मैनाबाई अजून नारळ घेऊन उभ्या होत्या. आता तो कुणाला द्यायचा हे त्यांना कळेना. तायडेकाकांनीच तो त्यांच्या हातातून घेतला, फरशीच्या कडेवर फोडला आणि सगळ्यांना वाटला. पहिला तुकडा प्रणालीला, दुसरा मला.

"खोबरं हाय," प्रत्येकाला देताना ते बजावत होते. "परसाद नाई."

मैनाबाईंनी हो हो म्हणून तुकडा घेतला, डोळे मिटून कपाळाला लावला आणि मग तोंडात टाकला.

तायडेकाकांनी ते पाहिलं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, वहीचं कोरं पान उघडलं आणि पेन्सिलीचं टोक पाहिलं.

"प्रणाली," ते म्हणाले, "पुन्हा एकपासून टाक, बेटा."